जालपटल-नीलारोध व त्याचे वाहिनीचित्रण

डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पटलातून (जालपटलातून) रक्त परत वाहून नेणारी मध्यवर्ती नीला किंवा तिची एखादी शाखा गुठळीमुळे बंद पडली म्हणजे जालपटल-नीलारोध हा विकार उद्भवतो. अडथळ्याच्या मागे रक्त तुंबते, नीला फुगून वेड्यावाकड्या होतात, केशवाहिन्यांच्या भित्तींतून रक्त व रक्तद्रव झिरपून जालपटलावर रक्तस्राव व सूज दिसू लागते आणि दृष्टी बहुधा कोणत्याही वेदनेशिवाय अल्पावधीत मंदावते. जालपटलाच्या रक्तवाहिन्यांमुळे दृष्टी गमावणाऱ्यांमध्ये मधुमेहाच्या रुग्णांनंतर याच विकाराच्या रुग्णांचा क्रम लागतो. उतारवय, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचे काठिण्य व काचबिंदू ही त्याची परिचित पूर्वपीठिका होय. हातातील नीलेत फ्ल्युओरेसीन हे रंगद्रव्य टोचून ते डोळ्याच्या वाहिन्यांतून जात असताना त्यांची छायाचित्रे घेण्याची पद्धत १९५९–६१ या काळात सिद्ध झाली आणि तिने या विकाराची पाहणी, वर्गवारी व उपचार या तिन्ही गोष्टींना नवे वळण दिले. वऱ्हाडासारख्या, मोठी नेत्ररुग्णालये दूर असलेल्या प्रदेशात मात्र हा प्रश्न जितका निदानाचा, तितकाच अंतराचा व वेळेचा राहिला आहे.

प्रारंभीची निरीक्षणे : जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहता येईल असे उपकरण (नेत्रतलदर्शक) हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८५५ मध्ये, रिखार्ट लीब्राइख यांनी जालपटलावर सर्वत्र रक्ताचे डाग पसरलेल्या स्थितीचे वर्णन केले व तिला जालपटलाचा रक्ताघात म्हटले. १८७७ मध्ये टेओडोर लेबर यांनी शाखेच्या रोधाचे वर्णन केले आणि १८७८ मध्ये यूलियुस फोन मिखेल यांनी मध्यवर्ती नीलेत गुठळी होणे हे या चित्रामागील कारण असल्याचे दाखवून त्याला स्वतंत्र रोगाचे स्थान दिले. पुढे अनेक वर्षे वैद्यांना एक गोष्ट वारंवार दिसत राहिली. काही रुग्णांची दृष्टी हळूहळू सुधारे. काहींच्या डोळ्यात तीनेक महिन्यांनी परितारिकेवर (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर) नव्या, नाजूक वाहिन्या उगवत, डोळ्यातील दाब भयंकर वाढे व ठणक्याने हैराण झालेल्या रुग्णाचा डोळा प्रसंगी काढून टाकावा लागे. या अवस्थेला ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ असे नाव पडले. पहिल्या दिवशी दोन्ही प्रकारच्या रुग्णांचा नेत्रतल साधारणतः सारखाच रक्ताळलेला दिसे. कोणता डोळा कोणत्या वाटेने जाणार, हे केवळ पाहून सांगणे अवघड होते, कारण नेत्रतलदर्शकात वाहिन्या दिसत, त्यांतील प्रवाह दिसत नसे.

रंगद्रव्य : फ्ल्युओरेसीन हे द्रव्य आडोल्फ फोन बायर यांनी १८७१ मध्ये रिसॉर्सिनॉल व थॅलिक ॲनहायड्राइड यांपासून तयार केले. त्याचे सोडियम लवण पाण्यात सहज विरघळते व अत्यंत विरल विद्रावातही हिरवट पिवळ्या तेजाने चमकते. या गुणाचा पहिला मोठा उपयोग वैद्यकात न होता भूगोलात झाला, ही बाब लक्षणीय आहे. दक्षिण जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी खडकांतील विवरांत नाहीसे होते. ते कोठे जाते हे ठरविण्यासाठी १८७७ मध्ये तेथे सु. १० किग्रॅ. रंगद्रव्य ओतण्यात आले आणि सु. ६० तासांनी, १२ किमी. अंतरावरील आख नदीच्या उगमाचे पाणी हिरवे चमकू लागले. दृष्टिआड असलेला प्रवाह रंगाने शोधण्याचे हेच तत्त्व पुढे डोळ्याच्या बाबतीत वापरले गेले. १८८२ मध्ये पाउल एर्लिख यांनी ससे व अन्य प्राण्यांच्या शरीरात हे रंगद्रव्य टोचून ते डोळ्याच्या पुढील कोठडीतील द्रवात कसे उतरते, याचे निरीक्षण केले.

एखाद्या पदार्थाने एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून जास्त तरंगलांबीचा प्रकाश लगेच बाहेर टाकणे यास अनुदीप्ती म्हणतात. रक्तातील फ्ल्युओरेसीन सु. ४६५ ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषते व सु. ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवट पिवळा प्रकाश बाहेर टाकते. म्हणून दीपाच्या पुढे निळी गाळणी व छायाचित्रपट्टीच्या पुढे हिरवट पिवळी गाळणी बसविली, तर परावर्तित निळा प्रकाश अडतो आणि रंगद्रव्य असलेल्या वाहिन्याच काय त्या उजळून दिसतात. दुसरी अनुकूल गोष्ट शरीररचनेची आहे. रक्तात शिरलेल्या रंगद्रव्याचा सु. ८० टक्के भाग रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटतो. उरलेला भाग मोकळा असला, तरी निरोगी जालपटलाच्या वाहिन्यांच्या भित्ती इतक्या घट्ट असतात की, त्यातूनही तो बाहेर पडत नाही. त्यामुळे जेथे रंग वाहिनीबाहेर सांडलेला दिसतो, तेथे भित्ती बिघडली आहे असे समजावे लागते. आणि जेथे तो पोहोचतच नाही, तेथे रक्तही पोहोचत नाही.

नोव्हॉटनी व ॲल्व्हिस : या सर्व गोष्टी एकत्र आणण्याचे श्रेय अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या इंडियानापोलिस येथील वैद्यकीय विद्यालयात शिकणाऱ्या हॅरल्ड नोव्हॉटनी व डेव्हिड ॲल्व्हिस या दोन विद्यार्थ्यांकडे जाते. तेथे जॉन हिकम यांच्या मार्गदर्शनाखाली जालपटलातील रक्तामधील ऑक्सिजनाचे प्रमाण छायाचित्रांवरून मोजण्याचे काम चालले होते. त्या कामात वाहिन्या अधिक स्पष्ट दिसाव्यात म्हणून या दोघांनी फ्ल्युओरेसीन वापरून पाहिले. सशांवरील प्रयोगांनंतर माणसावर प्रयोग करण्याची वेळ आली, तेव्हा प्रथम कोणाला टोचावयाचे हे नाणेफेकीने ठरले व ती पाळी ॲल्व्हिस यांच्यावर आली, असे सांगितले जाते. १९५९ च्या अखेरीस हा प्रयोग यशस्वी झाला. त्याच वर्षी फ्लॉक्स, मिलर व चाओ यांनी मांजराच्या जालपटलातील अभिसरणाचे चलच्चित्र प्रसिद्ध केले होते. त्यामुळे नोव्हॉटनी व ॲल्व्हिस यांच्या निबंधात नवे काही नाही, असे ठरवून नेत्रवैद्यकाच्या एका प्रमुख नियतकालिकाने तो परत केला. शेवटी तो १९६१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारविषयक नियतकालिकात छापून आला. नेत्रवैद्यांच्या हाती पडणाऱ्या साधनांपैकी सर्वांत उपयुक्त ठरलेल्या एका साधनाची पहिली माहिती अशा प्रकारे हृदयतज्ञांच्या पानांवर उतरली.

त्यानंतरचा प्रसार वेगाने झाला. मायामी येथे एडवर्ड नॉर्टन व जे. डॉनल्ड गॅस यांनी आणि जर्मनीत आखिम वेसिंग यांनी हजारो चित्रांच्या आधारे वेगवेगळ्या विकारांतील आकृतिबंध निश्चित केले. १९६९ मध्ये फ्रान्समधील आल्बी येथे प्येअर आमाल्रिक यांच्या पुढाकाराने या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

चित्रणाची रीत व वाचन : बाहुली औषधाने विस्फारून रुग्णाला यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवितात. १० टक्के विद्रावाचे ५ मिलि. किंवा २० ते २५ टक्के विद्रावाचे सु. ३ मिलि. इतके रंगद्रव्य कोपराजवळील नीलेत झटकन टोचतात. निरोगी माणसात ते सु. १० ते १५ सेकंदांत डोळ्यात पोहोचते. प्रथम जालपटलामागील थराची पुसट प्रभा दिसते, मग रोहिण्या भरतात, त्यानंतर केशवाहिन्या व शेवटी नीला. नीलेत रंग प्रथम दोन्ही कडांना व नंतर मध्ये भरत असल्याने काही क्षण ती दोन समांतर रेषांसारखी दिसते. सेकंदासेकंदाला एक याप्रमाणे सुरुवातीची चित्रे व पुढे दहा मिनिटांपर्यंत तुरळक चित्रे घेतात. अंकीय यंत्रे येण्यापूर्वी ही सर्व चित्रे कृष्णधवल पट्टीवर घेऊन अंधारखोलीत धुवावी लागत. त्यामुळे चित्रण बिघडले असल्यास ते रुग्ण घरी गेल्यावर कळे.

नीलारोधात या क्रमाचा प्रत्येक टप्पा बदलतो. रोहिण्यांतून नीलेत जाण्यास रंगाला लागणारा वेळ लांबतो. केशवाहिन्या बंद पडलेला प्रदेश चित्रात काळ्या, रिकाम्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो. पीत बिंदूवर (जालपटलाच्या तीक्ष्ण दृष्टीच्या जागी) सूज असल्यास शेवटच्या चित्रांत तेथे फुलाच्या पाकळ्यांसारखी रंगाची थारोळी जमतात. सर्वांत मोलाचा भेद मात्र नव्या वाहिन्यांसंबंधी आहे. अडथळ्याला वळसा घालून रक्ताने काढलेल्या पर्यायी वाटा आणि उपाशी जालपटलातून उगवलेल्या नव्या वाहिन्या नेत्रतलदर्शकात पुष्कळदा सारख्याच दिसतात. पर्यायी वाटांतून रंग गळत नाही. नव्या वाहिन्यांतून तो भळभळा गळतो. पहिल्या उपकारक असतात, दुसऱ्या पुढे फुटून डोळ्यातील काचाभ द्रवात रक्तस्राव करतात. एकाच चित्राने हा निर्णय होऊ लागला, हे या पद्धतीचे फार मोठे यश होय.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. दाट रक्तस्राव असल्यास त्याखालील केशवाहिन्या झाकल्या जातात व त्या चालू आहेत की बंद, हे सांगता येत नाही. म्हणजे जेव्हा निर्णयाची सर्वाधिक निकड असते, त्या पहिल्या आठवड्यांतच चित्र पुष्कळदा वाचता येत नाही. टोचल्यानंतर काहींना मळमळ वा उलटी होते. कातडी काही तास पिवळी व लघवी दिवसभर नारिंगी होते. घरच्या मंडळींना काविळीची शंका येऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवणे इष्ट ठरते. गंभीर अधिहर्षता क्वचित उद्भवते. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीत मृत्यूचे प्रमाण सु. २,२२,००० चित्रणांत एक असे आढळले.

हेरे यांचे कार्य व वाद : नीलारोधाच्या आजच्या वर्गवारीशी एका भारतीय संशोधकाचे नाव निगडित आहे. पंजाबात जन्मलेले सोहनसिंग हेरे यांनी लंडन, एडिंबरो व पुढे अमेरिकेतील आयोवा येथे काम केले. माकडांवरील प्रयोगांत त्यांना असे आढळले की, केवळ मध्यवर्ती नीला बंद केल्याने माणसात दिसणारे रक्तबंबाळ चित्र सहसा उमटत नाही. यातून, मध्यवर्ती नीलारोध हा एक रोग नसून दोन आहेत, या मताकडे ते वळले : रक्तपुरवठा टिकून राहणारा सौम्य प्रकार आणि केशवाहिन्या बंद पडून जालपटल उपाशी राहणारा तीव्र प्रकार. शंभर दिवसांचा काचबिंदू होतो तो दुसऱ्या प्रकारात. एका शतकापूर्वीच्या वैद्यांना पडलेल्या कोड्याचे हे उत्तर होते.

हे दोन प्रकार वेगळे करण्याचे साधन म्हणून प्रथम अर्थातच वाहिनीचित्रणाकडे पाहिले गेले. परंतु १९९० मध्ये हेरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले निष्कर्ष या पद्धतीच्या भक्तांना रुचण्यासारखे नव्हते. सुरुवातीच्या तीव्र अवस्थेत दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांच्या प्रकाशप्रतिसादातील फरक आणि जालपटलाचा विद्युत् आलेख या दोन कसोट्या मिळून ९७ टक्के रुग्णांत योग्य निदान होत होते. वाहिनीचित्रणाचा भरवसा त्या मानाने कितीतरी कमी होता. बाहुलीची ही कसोटी पाहण्यास एका विजेरीपलीकडे काही लागत नाही. महागड्या यंत्राच्या दिमाखात साधी परीक्षा मागे पडू नये, हा हेरे यांचा आग्रह ग्रामीण भागातील नेत्रवैद्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वाहिनीचित्रणाचे खरे बळ रक्त ओसरल्यावरच्या काळात, म्हणजे उपचाराचे स्थान व व्याप्ती ठरविण्यात आहे, असे मानणे सयुक्तिक ठरते.

लेसर-उपचार व मोठ्या चाचण्या : रंगचित्रात गळती दाखविणाऱ्या जागांवर लेसर किरणांनी सूक्ष्म डाग देऊन त्या बंद करण्याचे तंत्र (प्रकाशक्लथन) १९७० नंतर रूढ झाले, ते खरोखर गुणकारी आहे काय, हे अमेरिकेतील दोन बहुकेंद्री चाचण्यांनी ठरविले. शाखा-नीलारोधाच्या चाचणीत (१९८४) पीत बिंदूच्या सुजेमुळे दृष्टी ६/१२ किंवा त्याहून कमी झालेल्या डोळ्यांपैकी लेसर दिलेल्यांत ६५ टक्के डोळ्यांची, तर न दिलेल्यांत ३७ टक्के डोळ्यांची दृष्टी तक्त्यावरील दोन ओळींनी सुधारली. मध्यवर्ती नीलारोधाच्या चाचणीचे निष्कर्ष (१९९५) याउलट होते. लेसरमुळे रंगचित्रातील गळती कमी झाली, चित्र सुधारले. दृष्टी मात्र सुधारली नाही. चित्र बरे होणे व रुग्ण बरा होणे यांतील अंतर इतके उघडपणे क्वचितच नोंदले गेले असेल.

याच चाचणीच्या १९९७ च्या वृत्तात दोन महत्त्वाचे आकडे आहेत. प्रथम तपासणीत रक्तपुरवठा टिकून असलेल्या डोळ्यांपैकी ३४ टक्के डोळे तीन वर्षांत तीव्र प्रकारात उतरले व त्यांतील पुष्कळसे पहिल्या चार महिन्यांतच उतरले. तसेच केशवाहिन्या बंद असलेल्या किंवा त्यांची स्थिती ठरवता न आलेल्या डोळ्यांपैकी ३५ टक्के डोळ्यांत परितारिकेवर वा तिच्या कोपऱ्यात नव्या वाहिन्या उगवल्या. पहिल्या तपासणीत चांगल्या दिसलेल्या डोळ्यांतही हे प्रमाण १० टक्के होते. सरसकट आधीच लेसर देण्याऐवजी रुग्णास दरमहा तपासावे व नव्या वाहिन्या दिसताच लेसर द्यावा, अशी शिफारस करण्यात आली. जो रुग्ण वारंवार येऊ शकत नाही, त्याच्या बाबतीत लेसरचा निर्णय आधी घेण्यास नेत्रवैद्यक मुभा देते.

वऱ्हाडातील परिस्थिती : ही मुभा अमरावती व अकोला जिल्ह्यांतील रुग्णांच्या दृष्टीने अपवादापेक्षा नियमाच्या जवळ जाणारी आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये व सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये सुरू झाली. प्रत्यक्ष वऱ्हाडात, अमरावती येथे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये व अकोला येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये स्थापन झाले. म्हणजे वाहिनीचित्रणाचा शोध लागल्यावर दोन तपांहून अधिक काळ या दोन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. अमरावतीहून नागपूर सु. १५० किमी. व अकोल्याहून सु. २५० किमी. आहे, मेळघाटातील धारणीच्या माणसाला आधी अमरावतीच गाठावी लागते. महिन्याला एक खेप, तीही दुखत नसलेल्या डोळ्यासाठी, ही अपेक्षा शेतीच्या हंगामात पुरी होणे कठीण असते.

दुसरी अडचण समजुतीची आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व-नियंत्रण कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर होता व तो रास्तही होता, कारण देशातील बहुतेक अंधत्व मोतीबिंदूमुळे येत असे. परंतु त्यामुळे म्हातारपणी दिसेनासे झाले की तो मोतीबिंदूच, आणि तो पिकल्यावर शिबिरात काढून मिळेल, असा समज खेडोपाडी दृढ झाला. नीलारोध बहुधा एकाच डोळ्यास होतो. दुसरा डोळा चांगला असल्याने रुग्णाला तो पुष्कळदा उशिरा, चांगला डोळा काही कारणाने झाकला गेल्यावर, लक्षात येतो. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहता येते. येथे वाट पाहण्याच्या काळातच शंभर दिवस उलटतात.

विकाराच्या प्रमाणाविषयी सर्वांत जवळची माहिती शेजारच्या नागपूर जिल्ह्यातून मिळते. नागपूरपासून सु. ४० किमी. अंतरावरील आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तीस वर्षे व त्यापुढील वयाच्या ५,८८५ व्यक्तींपैकी ४,७११ व्यक्तींची तपासणी ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीत करण्यात आली. नेत्रतलाच्या छायाचित्रांवरून नीलारोधाचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आढळले व त्यात शाखा-नीलारोधाचे रुग्ण मध्यवर्ती रोधाच्या रुग्णांहून पुष्कळ अधिक होते. हे प्रमाण लहान वाटले, तरी अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सत्तेचाळीस लाख होती. तिच्या हिशेबाने रुग्णसंख्या काही हजारांच्या घरात जाते.

अलीकडील बदल : उपाशी जालपटल कोणते तरी द्रव्य सोडून नव्या वाहिन्यांना आमंत्रण देते, असा तर्क आयझॅक मायकेल्सन यांनी १९४८ मध्ये केला होता. हे द्रव्य म्हणजे वाहिन्यांच्या अंतःस्तराची वाढ घडविणारे एक प्रथिन होय, याचा पुरावा १९९४ मध्ये रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवाच्या तपासणीतून मिळाला. त्या प्रथिनाला निष्प्रभ करणारे रानिबिझुमॅब हे औषध डोळ्यात टोचून नीलारोधातील सूज ओसरते व लेसरने जे साधले नव्हते ते, म्हणजे मध्यवर्ती रोधातील दृष्टीची सुधारणा, साधते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. मूळ औषध महाग असल्याने कर्करोगावरील बेव्हॅसिझुमॅब लहान मात्रेत वापरण्याचा प्रघात पडला. २०१५ मध्ये रानिबिझुमॅबशी सदृश असे स्वस्त औषध भारतात तयार झाले. ही इंजेक्शने महिन्यामहिन्याने घ्यावी लागतात, म्हणून औषध स्वस्त झाले तरी प्रवासाचा खर्च उरतोच. सूज मोजण्यासाठी आता १९९१ मध्ये पुढे आलेले प्रकाशीय छेदचित्रण सर्रास वापरतात. त्याच्याच आधारे रंगद्रव्य न टोचता वाहिन्यांचे जाळे दाखविणारी पद्धतही गेल्या दशकात प्रचारात आली. तीत बंद केशवाहिन्या उत्तम दिसतात, परंतु गळती दिसत नाही. म्हणून गळत्या नव्या वाहिन्यांचा संशय असतो तेथे फ्ल्युओरेसीन अद्याप लागते.

विदर्भात याच साधनाचा आणखी एक उपयोग आहे. रक्तातील तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक दोष (सिकलसेल) मध्य भारतात असल्याचे नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले आणि तो अमरावती, अकोल्यासह सर्व विदर्भात आढळतो. या कोशिका जालपटलाच्या कडेच्या सूक्ष्म रोहिण्या बंद पाडतात. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या जालपटलविकाराच्या पाच अवस्था सांगितल्या. कडेला उगवणाऱ्या, समुद्रपंख्याच्या आकाराच्या नव्या वाहिन्या ही त्यांतील तिसरी होय. येथे रुग्ण म्हातारा नसतो, बहुधा तरुण असतो. अडथळा नीलेत नसून रोहिणीच्या टोकाशी असतो. आणि पीत बिंदू शाबूत राहिल्याने बराच काळ कोणतीही तक्रार नसते. डोळ्याच्या मध्यभागाचे चित्र घेणाऱ्या जुन्या यंत्रांना ही कड गाठण्यासाठी रुग्णास सर्व दिशांना पाहावयास सांगून अनेक चित्रे जोडावी लागत. विस्तीर्ण क्षेत्राचे चित्र एकदम घेणाऱ्या यंत्रांनी हे काम सोपे केले आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रक्ततपासणीवर भर आहे. ज्यांच्यात रोग आढळतो, त्यांच्या नेत्रतलाची नियमित तपासणी नेत्रवैद्यकीय दृष्ट्या आवश्यक मानली जाते.